समुपदेशकाची पद्धत : पाटीवरची आणि खोलीतली

श्रोतेहो, नमस्कार.

जळगाव, धुळे, भुसावळ अशा आपल्या शहरांतून आता समुपदेशन केंद्रे दिसू लागली आहेत, आणि त्यांच्या माहितीपत्रकांवर 'सीबीटी', 'विवेकनिष्ठ उपचार', 'व्यक्तिकेंद्री समुपदेशन', 'सर्वसमावेशक पद्धती' असे शब्द छापलेले असतात. ज्याचा जीव आधीच घाबरा झालेला आहे, तो या शब्दांचा अर्थ विचारण्याच्या मनःस्थितीत नसतो. तो फी विचारतो आणि बाकावर बसून राहतो. मानसशास्त्र शिकवणारा माणूस म्हणून मला वाटते की, हा अर्थ विचारण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे, आणि तो सोप्या मराठीत सांगणे हे समुपदेशकाच्या कामातच मोडते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. चोपडा तालुक्यातल्या एका खेड्यातून जळगावला येऊन राज्यसेवेचा अभ्यास करणारा तरुण आहे. पूर्वपरीक्षेत दोनदा अपयश आले आहे. रात्री झोप लागत नाही, अभ्यासिकेत पुस्तक उघडले की छातीत धडधडते, आणि घरचा फोन तो उचलत नाही. कारण वडील नुसते 'यंदा केळीला भाव नाही' म्हणाले, तरी त्याला 'तुझ्यावर पैसा वाया गेला' असे ऐकू येते.

सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी), म्हणजे विचार आणि वागणूक यांवर काम करणारी पद्धत. तिने काम करणारा समुपदेशक नेमका या फोनपाशी थांबेल. ही पद्धत १९६०च्या दशकात फिलाडेल्फियाचे मनोविकारतज्ज्ञ आरन बेक यांनी नैराश्याच्या रुग्णांबरोबर काम करताना घडवली. समुपदेशक एका कागदावर रकाने आखून देईल : काय घडले, त्या क्षणी मनात कोणता विचार आला, काय वाटले, त्या विचाराच्या बाजूने पुरावा काय आणि विरुद्ध पुरावा काय. पहिल्या रकान्यात 'वडिलांचा फोन', दुसऱ्यात 'त्यांना माझी लाज वाटते'. विरुद्ध पुराव्याचा रकाना बराच वेळ कोरा राहील आणि मग तो हळूच लिहील की, गेल्याच महिन्यात खोलीचे भाडे त्यांनी न मागता पाठवले होते. हा कागद तो आठवडाभर घरीही भरेल. म्हणजे या पद्धतीत गृहपाठ असतो, आणि ज्याला तो करायचा नाही त्याने ते पहिल्याच भेटीत सांगितलेले बरे. त्याच्या जोडीला टाळाटाळीवरही काम होते : आधी आईला संदेश पाठवायचा, मग दोन मिनिटे बोलायचे, मग वडिलांचा फोन घ्यायचा, अशा चढत्या पायऱ्या दोघे मिळून ठरवतात.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ पद्धती याच्या जवळची आहे, आणि महाराष्ट्रात ती कि. मो. फडके यांच्यामुळे पुष्कळांना माहीत आहे. तिचा समुपदेशक पुरावा मोजत बसणार नाही, तो थेट हट्टावर बोट ठेवील : 'मी पास व्हायलाच हवे, नाहीतर माझी किंमत शून्य' यातला 'च' कुठून आला? पास व्हावे ही इच्छा रास्त आहे. पण परीक्षा नापास होणे आणि माणूस म्हणून नापास होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तो वाद घालून पटवून देईल. काहींना हा रोखठोकपणा मानवतो. ज्याला घरीच सगळे सुनावत आले आहेत, त्याला तो आणखी एक फटका वाटू शकतो.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्या व्यक्तिकेंद्री पद्धतीत समुपदेशक सल्ला जवळजवळ देतच नाही. समोरच्याला अटींशिवाय स्वीकारणे, त्याचे जग त्याच्या जागी उभे राहून समजून घेणे आणि स्वतः खोटे न वागणे, या गोष्टींवर रॉजर्स यांनी भर दिला. बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल, हा नुसता ऐकतोच आहे, याचे पैसे कशाला? तसे ऐकणे किती अवघड असते, हे आपल्या विद्यार्थ्यांना शिकवताना मी रोज पाहतो. दुसऱ्या मिनिटाला त्यांच्या तोंडून 'तू असे कर ना' निघतेच. मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड यांच्या परंपरेतला उपचारक बालपणापर्यंत मागे जातो. त्याला बराच काळ लागतो, आणि आपल्या जिल्ह्यांत तसे प्रशिक्षित लोक कमीच भेटतील.

कुटुंबोपचाराचे, म्हणजे घरच्यांना सोबत घेऊन केलेल्या उपचाराचे, मात्र इथे वेगळे आहे. आपल्याकडे समुपदेशकाने बोलावले नाही तरी आई शेजारच्या खुर्चीवर बसते आणि मेहुणे दाराशी उभे राहतात. चांगला समुपदेशक त्यांना तुसडेपणाने बाहेर काढत नाही. आधी सगळ्यांचे ऐकतो, मग तरुणाशी एकट्याने बोलतो, आणि त्यातले घरच्यांना काय सांगायचे, हे त्याच्या संमतीने ठरवतो. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने गोपनीयता हा उपचार घेणाऱ्याचा हक्क मानला आहे.

आता 'सर्वसमावेशक पद्धती' या शब्दांकडे येतो, कारण माहितीपत्रकांत तेच मला सर्वांत जास्त खटकतात. अनेक पद्धती नीट शिकून, माणूस पाहून त्यांतले योग्य ते वापरणारे समुपदेशक असतात, आणि एकही पद्धत धड न शिकता हे शब्द छापणारेही असतात. फरक कळण्यासाठी एवढेच विचारावे : 'माझ्या बाबतीत तुम्ही सुरुवात कशी कराल, आणि तशीच का?' पहिल्या प्रकारचा समुपदेशक याचे उत्तर आनंदाने देतो.

कोणती पद्धत श्रेष्ठ, हा वाद जुना आहे. वेगवेगळ्या उपचारांत काही समान घटकच काम करत असावेत, असे मानसशास्त्रज्ञ सॉल रोझेन्झवाइग यांनी १९३६ मध्येच सुचवले होते. १९७९ मध्ये मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बॉर्डिन यांनी मांडले की, उपचार पुढे नेण्यासाठी ध्येयावर एकमत, करायच्या कामावर एकमत आणि दोघांमधला विश्वास लागतो. मला हे पटते, पण पद्धतीला काहीच महत्त्व नाही असा त्याचा अर्थ मी लावणार नाही. हात पुन्हापुन्हा धुण्याचा मंत्रचळ असेल, तर भीतीला पायरीपायरीने सामोरे जाऊन हात धुण्याची कृती थांबवण्याची पद्धत शिकलेलाच माणूस हवा. भास होत असतील, माणूस कित्येक दिवस न झोपताही उत्साहाने उसळत असेल, तर औषध देऊ शकणाऱ्या मनोविकारतज्ज्ञाकडेच आधी जावे.

चिकित्सालयीन (क्लिनिकल) मानसशास्त्रज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, आणि तिचा क्रमांक विचारण्यात अपमान करण्यासारखे काही नाही. 'समुपदेशक' अशी पाटी लावणाऱ्या प्रत्येकाकडे मात्र अशी नोंदणी असतेच असे नाही. म्हणून शिक्षण कुठे झाले, कोणत्या वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम केले, साधारण किती भेटी लागतील आणि सुधारणा दिसली नाही तर पुढे काय, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्यावे. अहिराणीत बोललो तर चालेल का, हेही विचारावे. शहादा-तळोद्याकडच्या, पावरी ही आदिवासी बोली बोलणाऱ्या बाईला छातीतली धडधड प्रमाण मराठीत सांगायला लावले, तर उत्तम पद्धतसुद्धा अर्धीच पोहोचेल.

गावाजवळ कोणीच नसेल, तर केंद्र सरकारची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६. फोन मोफत आहे, चोवीस तास लागतो आणि मराठीत बोलता येते. जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार मनात येत असेल, तर पद्धतीची चौकशी नंतर करावी. आधी हा क्रमांक फिरवावा किंवा घरच्या माणसाला सोबत घेऊन जवळच्या सरकारी रुग्णालयात जावे.

नमस्कार.