दिवे तीन, बिघाड एक

[दृश्य : चावी फिरते. डॅशबोर्डवर दिवे लागतात, एकेक करून विझतात.]

चावी फिरवली की दिवे लागतात आणि लागायलाच हवेत. ती त्यांची हजेरी. पण गाडी रस्त्याला लागली, पहिल्या सिग्नलला ब्रेकवर पाय पडला आणि तीन पिवळे दिवे एकदम पेटले : एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारं), ट्रॅक्शन कंट्रोल (घसरत फिरणाऱ्या चाकाला आवरणारं), हिल डिसेंट कंट्रोल (उतारावर गाडी रोखून धरणारं). गाडी बंद करून पुन्हा सुरू केली, की गायब. मालक खूश. संध्याकाळी परत तेच.

ही लँड रोव्हर डिस्कव्हरी टू. टाटांनी 2008 मध्ये कंपनी घेतली, त्याच्या बरीच आधीची. 1998 ते 2004 या काळात इंग्लंडमधल्या सोलिहल इथं ती बनत होती. बॉनेटखाली टीडी फाइव्ह हे 2495 सीसीचं, पाच सिलिंडरचं डिझेल इंजिन. इंजिन दणकट आहे, तक्रार त्याची नाहीच. तक्रार आहे ती वायरिंगची. इंग्लंडमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि ते पाणी वीस-पंचवीस वर्षं कपलरमध्ये, म्हणजे वायरींच्या जोडांमध्ये, मुरतंय.

[दृश्य : लिफ्टवर गाडी. खालून गंजलेली चासी.]

तीन दिवे बघून लोकांना तीन बिघाड वाटतात. पण ही तिन्ही कामं एकच कॉम्प्युटर आणि एकच एबीएस मॉड्युलेटर, म्हणजे चाकांच्या ब्रेकचा दाब कमी-जास्त करणारा डबा, करतात. एका चाकाच्या वेगाची खबर यायची थांबली, की कॉम्प्युटर तिन्ही दुकानं बंद करतो. साधा ब्रेक लागतो, म्हणून दुर्लक्ष होतं. चिखलात मात्र हे महागात पडतं. या गाडीच्या सुरुवातीच्या मॉडेलांना सेंटर डिफ लॉकचा (पुढची आणि मागची चाकं एकत्र बांधून फिरवणारा) लिव्हरच दिला नव्हता, सगळी भिस्त ट्रॅक्शन कंट्रोलवर. दिवा लागलेला असताना एक चाक अधांतरी झालं, की सगळी ताकद तिथंच फुकट फिरत बसते.

मग शोधायचं कुठून? आधी मालकाला विचारायचं : दिवा नेमका कधी लागतो? कॉम्प्युटरमधला बिघाडाचा कोड वाचणारा स्कॅनर नंतर. ब्रेक दाबला की लागतो, वळणावर लागतो, की पाऊस पडल्यावरच लागतो? अर्धं निदान या उत्तरात असतं. “कधीही लागतो” असं सांगणाऱ्या मालकाला आठवडाभर वही घेऊन गाडी चालवायला लावावी.

[दृश्य : मल्टिमीटर. एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिन ब्लॉकवर.]

स्कॅनर लावण्याआधी बॅटरी आणि अर्थिंग. स्टार्टर फिरताना बॅटरी दहा व्होल्टच्या खाली गेली, तर ही गाडी भलतेसलते दिवे दाखवते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सवाल्या गाडीत ‘एम’ आणि ‘एस’ हे गिअरबॉक्सचे दिवे लुकलुकायला लागतात आणि मिस्त्री बिचारा गिअरबॉक्स उतरवायच्या गोष्टी करतो. आता मीटर बघा. स्टार्टर फिरत असताना या दोन टोकांमध्ये अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसलं, तर अर्थिंगची पट्टी खराब. बाहेरून ती चकचकीत दिसेल, आतून हिरवी पडलेली असते. गाडी नुसती उभी असताना मोजलं तर यातलं काहीच सापडत नाही. करंट वाहत असतानाच मोजायचं.

[दृश्य : पुढचं चाक. दोन्ही हात वर-खाली धरून हलवताना.]

वळणावर दिवा लागत असेल तर हबकडे, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाकडे, जायचं. चाकाबरोबर एक दातेरी रिंग फिरते, तिच्यासमोर सेन्सर बसलेला असतो, आणि मधल्या बारीक फटीवर सगळा खेळ. बेअरिंगला प्ले (ढिलेपणा) आला की वळताना फट वाढते, सिग्नल तुटतो. असं चाक वर-खाली धरून हलवलं की हाताला कळतं. प्ले नसेल तर सेन्सरचा कपलर उघडायचा, मीटर लावायचा आणि कोणीतरी वायर हलवत राहायची. आकडा उडाला तर तिथंच थांबा. स्कॅनर “पुढचा डावा सेन्सर” म्हणतो तेव्हा तो त्या सर्किटबद्दल बोलत असतो. सेन्सर बदलून वायर तशीच ठेवणारे खूप आहेत.

ब्रेक दाबल्यावरच लागणारा दिवा वेगळा. मॉड्युलेटरच्या आत शटल व्हॉल्व्हचे (ब्रेकच्या दाबानं सरकणाऱ्या झडपांचे) छोटे स्विच असतात, पेडल दाबलं की त्यांचा रेझिस्टन्स बदलायला हवा. जुन्या स्विचांत तो कधी बदलतो, कधी नाही. पूर्वी यावर अख्खा मॉड्युलेटर बदलायला सांगत. मालकांनीच शोधून काढलं की नुसता स्विचचा संच बदलूनही भागतं.

[दृश्य : टॅपेट कव्हर उघडं. मग इंजिन कॉम्प्युटरचा लाल कपलर, जवळून.]

आता इंजिन. गरम झालं की मिस मारतं, मध्येच चेक लाइट लागतो, थंड झालं की शहाणं. हा लाल कपलर उपटला तर पिनांवर काळं तेल. कॉम्प्युटरमध्ये इंजिन ऑइल आलं कुठून? टीडी फाइव्हचे पाचही इंजेक्टर टॅपेट कव्हरखाली, तेलातच बसलेले. त्यांचं हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, जुनं झालं की तेल वायरच्या आत शिरतं आणि समईच्या वातीतून चढावं तसं तारांमधून चढत जातं. लँड रोव्हरच्याच डिफेंडर गाडीत हाच कॉम्प्युटर सीटखाली असतो. तेल तिथवर पोचतं!

काम मोठं नाही. कव्हर काढा, इंजेक्टरचं हार्नेस नवं टाका, लाल कपलर काँटॅक्ट क्लीनरनं धुऊन कोरडा करा. फक्त, पुढच्या मोठ्या हार्नेसमध्ये जे तेल आधीच शिरलंय ते नंतरही झिरपत राहतं. त्यामुळे गाडी देताना मालकाला सांगून ठेवायचं : आठवड्यानं या, कपलर पुन्हा उघडू. आणि त्यानंतर महिन्यानं, आणखी एकदा.