कोठारं गावाबाहेर का?

श्रोतेहो, नमस्कार. आसामात ब्रह्मपुत्रा होण्याआधी ही नदी अरुणाचल प्रदेशच्या डोंगरांतून उतरते, तेव्हा तिला सियांग म्हणतात. या सियांगच्या दोन्ही अंगांच्या उतारांवर आदी लोकांची गावं आहेत. इंग्रजांच्या दप्तरात त्यांची नोंद ‘अबोर’ अशी असे. तो शब्द दुसऱ्यांनी चिकटवलेला. आपण आदीच म्हणावं.

जुन्या वळणाच्या आदी गावात घरं एकमेकांना लागून असतात, पण धान्याची कोठारं मात्र घरांपासून लांब, एका बाजूला. खांबांवर उभी, लहान, बिनखिडकीची. कारण आगीचं भय.

आदी घर म्हणजे लाकडी खांब, चेचून सपाट केलेल्या बांबूच्या ताट्या, वेताच्या बांधण्या आणि वर टोको नावाच्या ताडाची पंख्यासारखी पानं. आपल्या कोकणात घर शाकारतात तसंच, पाखीच्या खालच्या कडेपासून सुरुवात करून वरचा थर खालच्यावर चढवत आढ्यापर्यंत जायचं. घराच्या मध्यावर, बांबूच्या जमिनीतच मातीने भरलेल्या लाकडी चौकटीत चूल. चुलीवर टांगलेल्या माचांवर मांस, मासळी आणि बियाणं सुकतं. धुराने छत काळं कुळकुळीत होतं आणि त्यामुळेच पानाला, बांबूला कीड कमी लागते. चूल विझवून चालत नाही. पण कोरड्या दिवसांत तिची एक ठिणगी छताला लागली आणि वारा असला, तर शेजारचं घरही पेटतं. जळालेलं घर सगळा गाव मिळून पुन्हा उभं करतो, पण वर्षाचं भात जळालं तर ते पुढच्या हंगामापर्यंत कोण देणार? म्हणून भात आगीच्या वाटेतच ठेवायचं नाही.

दुसरा शत्रू उंदीर. कोठाराची जमीन खांबांवर उंच उचललेली असते आणि प्रत्येक खांबाच्या माथ्याशी, जमिनीच्या लगेच खाली, लाकडाची गोल चकती बसवतात. उंदीर खांबावरून सरसर चढतो, पण चकतीखाली आला की त्याला उलटं लटकून काठ ओलांडावा लागतो, आणि तिथे तो पडतो. चकतीचा काठ खांबापासून चहूबाजूंनी चांगला वीतभर बाहेर हवा आणि खालची बाजू गुळगुळीत हवी. चकतीला चीर गेली की तीच उंदराची पायरी होते. वेल वर चढला, खांबाला लाकडं टेकवून ठेवली, तरी सगळी मेहनत फुकट. आणि सर्वांत साधी चूक म्हणजे शिडी: खाचा पाडलेला लाकडाचा ओंडका, काम झाल्यावर काढून बाजूला ठेवायचा. तो विसरला, तर चकती असून नसल्यासारखी.

भात आत टाकण्याआधी कडकडीत वाळलेलं हवं, नाहीतर ढिगाच्या पोटात उबारा धरतो आणि बुरशी येते. कोठारात चूल नाही, म्हणजे धूरही नाही. त्यामुळे इथल्या छपराची पानं जास्त वेळा तपासावी लागतात.

गावापासून लांब, तरी कोठारांना कुलूप क्वचितच दिसे. चोरी झालीच, तर मामला केबांगपुढे जातो. केबांग म्हणजे गावाची सभा. तिथे वडीलधारी माणसं दोन्ही बाजू ऐकून दंड ठरवतात, आणि मोठ्या गुन्ह्याचा दंड मिथुनाच्या रूपाने भरावा लागतो. मिथुन हे तिथलं गव्यासारखं दिसणारं, मोकळं चरणारं जनावर. रात्रीची राखण अविवाहित तरुणांकडे असे. ते मोशुप नावाच्या मोठ्या सामायिक घरात झोपत. आग लागली, कोणी जंगलात हरवलं, तर ओरड ऐकताच तेच आधी धावत. आता मुलं शिकायला पासीघाटला आणि त्याच्याही पुढे जातात. त्यामुळे कित्येक मोशुप रात्री रिकामे असतात, आणि हे नुकसान मोठं आहे.

घरांवर टोकोच्या जागी पत्रा येतो आहे. पत्रा पेटत नाही. पण त्याखालच्या ताट्या बांबूच्याच आणि चूलही तशीच जमिनीत, तेव्हा पत्रा घातला म्हणून भात घरात आणून ठेवणं धोक्याचंच.