दुधातून उतरणारं शिसं

[दृश्य: नागपूरच्या वेशीवरचा गोठा. कुंपणाजवळ ट्रॅक्टरची फुटकी बॅटरी.]

वासरू दिसेल ते चाटून बघतं. दावं, खुंटा, भिंत, आणि फुटक्या बॅटरीतल्या करड्या प्लेटाही. त्या प्लेटा शिशाच्या असतात. पोटात गेलेलं शिसं मोठ्या गाईपेक्षा दूधपित्या वासराच्या अंगात जास्त मुरतं. मग वासरू भिंतीला डोकं टेकवून उभं राहतं, दात खातं, गोल गोल फिरतं, डोळे उघडे असून ठेचकाळतं. मालक म्हणतो, "बावचळलं जी वासरू." रेबीजमध्येही जनावर असंच वेड्यासारखं वागतं. म्हणून जनावरांच्या डॉक्टरांना बोलावताना बॅटरीचं आधी सांगा.

हे झालं डोळ्यांना दिसणारं. आम्हाला जास्त काळजी आहे ती थोड्या शिशाची. त्याने पिल्लू आजारी दिसत नाही, त्याचं वागणं तेवढं बदलतं.

शिसं शरीरात कॅल्शियमच्या जागी शिरतं, हाडांत वर्षानुवर्षं साठून राहतं. मादी गाभण किंवा दुभती असली की तिच्या हाडांतून कॅल्शियम निघतं आणि त्याच्यासोबत हेही निघतं. आधी वारेतून, मग दुधातून ते पिल्लात उतरतं. नेमका त्याच काळात पिल्लाचा मेंदू शिकण्यासाठी लागणारी जोडणी बांधत असतो. त्या कामातले एनएमडीए नावाचे ग्राही, म्हणजे मेंदूच्या पेशींवरचे निरोप घेणारे रेणू, शिसं अडवून धरतं.

[दृश्य: प्रयोगशाळेतलं माकड, समोर दोन बटणं.]

कॅनडात डेबोरा राइस यांनी माकडांच्या पिल्लांना जन्मापासून अगदी कमी शिसं दिलं. दिसायला ती धडधाकट होती. एका खुणेवर खाऊ मिळतो, हे ती शिकली. मग खाऊची खूण बदलली, आणि ही पिल्लं जुनाच धडा धरून बसली. वाट बदलायला त्यांना फार वेळ लागला.

[दृश्य: समुद्रकाठचं घरटं, कुरव पक्ष्याचं पिल्लू.]

अमेरिकेत जोआना बर्गर आणि मायकेल गॉकफेल्ड यांनी हेरिंग गल जातीच्या कुरवाची पिल्लं पाहिली. निरोगी पिल्लू आईबापाच्या चोचीवरच्या लाल ठिपक्याला टोचून घास मागतं. शिसं दिलेली पिल्लं मागतात ती मंदपणे, नेम चुकवत. चालताना त्यांचा तोल जातो, सांभाळणाऱ्याला ओळखायलाही त्यांना उशीर होतो. घरट्यात मागेल त्याला मिळतं. म्हणजे विषाने जितकं नुकसान होतं, त्यात उपासमारीची भर पडते. या सगळ्या अभ्यासांत आम्हाला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटली.

एक दिलासाही आहे. 2003 साली टोमास गिलार्ते यांच्या गटाने दाखवलं, की आईकडून शिसं मिळालेल्या उंदरांना दूध सुटल्यावर सोबती, खेळणी आणि हिंडायला जागा दिली, तर त्यांचं शिकणं बरंच सुधारतं. मेंदूतल्या त्या ग्राहींतही सुधारणा दिसली.

[दृश्य: नागपूरच्या महाल भागातली जुनी लाकडी खिडकी. पोपडे सुटलेला पिवळा ऑइलपेंट.]

माणसाचं लेकरूही याच वाटेने जातं. गिळलेल्या शिशातला मोठ्या माणसाच्या अंगात साधारण दहावा हिस्सा मुरतो, तान्ह्या लेकराच्या अंगात निम्म्यापर्यंत. देशभर शिसेयुक्त पेट्रोल 2000 साली बंद झालं. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा 90 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत 90 भाग, ती 1 नोव्हेंबर 2017 पासून. त्याआधीचे रंग अजून दारांवर, पलंगांवर, झुल्यांवर आहेत. असा रंग कोरडा घासू नका, त्याची धूळ घरभर बसते. ओला करूनच खरवडा, आणि त्या वेळी गरोदर बाई व लेकरं घरात नकोत.

तान्हा पोळा येईल तेव्हा माळ्यावरचा जुना लाकडी नंदी खाली उतरेल. त्याचे पोपडे सुटत असतील, तर बाळाच्या हाती तो तसाच देऊ नका. नवा रंग आणताना शिशाच्या प्रमाणाबद्दल डब्यावर काय छापलंय, ते दुकानातच वाचा.