अमेरिकेत मुलांकडे आलात? दुकानातून निघायच्या आधी बिल वाचा

[कॅमेऱ्यासमोर, हातात सुपरमार्केटचं लांब बिल]

नमस्कार मंडळी. मुलाकडे, मुलीकडे अमेरिकेला आलेले आई-बाबा आणि त्यांना घेऊन फिरणारी मुलं, अशा दोघांसाठी आजचा व्हिडिओ आहे. विषय तसा छोटा, दुकानातलं बिल. पण मला तो फार जवळचा वाटतो. आयुष्यभर वाण्याच्या यादीतली ओळ न ओळ ताडून बघणारी माणसं इथे आली की बिलाकडे ढुंकूनही बघत नाहीत. लांबलचक कागद, सगळं इंग्रजी, त्यातही शब्द अर्धवट तोडलेले. मग ते बिल घडी होऊन पिशवीत जातं आणि पिशवीतून थेट कचऱ्यात.

आणि वर आपली एक समजूत असते की अमेरिकेत सगळं कॉम्प्युटरवर चालतं, तिथे कसली चूक होणार?

होते. भरपूर होते. इथे एनआयएसटी म्हणून वजनं-मापं आणि मानकांची राष्ट्रीय संस्था आहे. दुकानातल्या किमती कशा तपासायच्या ते तिच्या हँडबुक 130 मध्ये दिलंय. निरीक्षक दुकानात जातात, शेल्फवरची किंमत आणि स्कॅनरवर येणारी किंमत जुळवून बघतात. शंभरातल्या 98 जुळल्या की दुकान पास. म्हणजे पास झालेल्या दुकानातही शंभरात दोन चुकांपर्यंत चालवून घेतात. त्या जास्तीच्या असतील किंवा कमीच्या असतील, पण असू शकतात.

आणि सगळी दुकानं पास होतात असंही नाही. डॉलर जनरल या साखळीवर ओहायो राज्यानं 2022 मध्ये दावा लावला. तक्रार हीच, शेल्फवर एक किंमत आणि काउंटरवर जास्त. 2023 मध्ये 10 लाख डॉलरवर तडजोड झाली. 2024 मध्ये कॅलिफोर्नियात सेफवे, व्हॉन्स आणि आल्बर्टसन्स या दुकानांच्या कंपनीनं अशाच तक्रारींवरून सुमारे 39 लाख डॉलर भरले. वॉलमार्टवर वजनावर विकल्या जाणाऱ्या मालाबद्दल खटला झाला. कंपनीनं चूक मान्य केली नाही, पण साडेचार कोटी डॉलर द्यायला ती तयार झाली. यातलं एखादं दुकान तुमच्या मुलांच्या घराजवळही असेल, म्हणून सांगते.

आता हे होतं कसं, ते नीट समजून घेऊ, कारण इथे आपली सवयच आड येते.

आपल्याकडे एमआरपी असते. पाकीट उलटं केलं की छापलेली किंमत सापडते, घरी येऊन चष्मा लावून बघितलं तरी चालतं. अमेरिकेत एमआरपी नावाची गोष्टच नाही. पाकिटावर बारकोड असतो, किंमत बहुतेक वेळा नसते. ती असते शेल्फच्या कडेला लावलेल्या चिठ्ठीवर. वस्तू कार्टमध्ये टाकून तुम्ही पुढे सरकलात की किंमत मागे राहिली. आणि काउंटरवर जी किंमत लागते ती तिसरीकडूनच येते, दुकानाच्या कॉम्प्युटरमधून. बऱ्याच दुकानांत चिठ्ठ्या अजून माणूस हातानं बदलतो. कॉम्प्युटरमधली किंमत एका बटणावर बदलते. सेल काल रात्री संपला, मशीनला कळलं, पण पिवळी चिठ्ठी तिथेच लटकतेय. तुम्ही ती चिठ्ठी बघून वस्तू घेतली. मुद्दाम कुणी फसवलं असेलच असं नाही, पण पैसे तुमचेच गेले.

म्हणून एक सवय लावून घ्या. सेलची वस्तू उचलली की चिठ्ठीचा मोबाईलवर फोटो काढायचा. चिठ्ठीवरचं बारीक अक्षरसुद्धा फोटोत आलं पाहिजे. पुढे तेच कामाला येतं.

[बिल कॅमेऱ्याजवळ धरून. दुकानाचं नाव झाकलेलं]

हे बघा, हे खरं बिल आहे, माझ्या सासूबाईंचं. दुकानाचं नाव झाकलंय. ही ओळ वाचा. केळी, वजन 2.60 पौंड, दर पौंडाला 89 सेंट, झाले 2 डॉलर 31 सेंट. केळ्यांवर जो छोटा स्टिकर असतो त्यावर नंबर असतो. साध्या केळ्यांचा नंबर 4011. ऑरगॅनिक असतील तर पुढे 9 लागतो, 94011. सासूबाईंनी घेतली साधी केळी, त्यांचा दर 59 सेंट. बिलावर लागलाय 94011. साध्या दरानं 1 डॉलर 53 सेंट व्हायला हवे होते. 78 सेंट जास्त गेले.

ह्याच बिलावर खाली बघा, नाश्त्याच्या सिरियलचे दोन डबे, प्रत्येकी 5.49. शेल्फवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, दोन डबे 7 डॉलरला. फोटो आहे माझ्याकडे. बारीक अक्षरांत खाली लिहिलं होतं, "विथ कार्ड". म्हणजे ज्यांच्याकडे दुकानाचं मेंबरशिप कार्ड आहे त्यांनाच 7. सासूबाईंना पडले 10 डॉलर 98 सेंट. जवळजवळ चार डॉलरचा फरक.

ह्या दोन ओळींत खूप काही आहे, म्हणून इथे जरा थांबू या.

भाजी आणि फळं. पाकिटातली वस्तू स्कॅन होते, पण सुटी भाजी काउंटरवरच्या मुलानं नंबर टाकून लावायची असते. त्याच्यासमोर रांग उभी असते. देशी दुकानात तर आणखी मजेदार प्रकार असतात, म्हणजे वाल पापडी, गवार, तोंडली, सगळं हिरवं, सगळं पारदर्शक पिशवीत. त्या मुलाला फरक कळत नसेल तर एकाचा दर दुसऱ्याला लागतो. तेव्हा भाजी तराजूवर ठेवतात त्या क्षणी स्क्रीनवर नाव कुठलं येतंय ते बघा आणि लगेच सांगा, "हे गवार आहे." बिल झाल्यावर सांगण्यापेक्षा हे कितीतरी सोपं. दर पौंडाचा असतो, पौंड म्हणजे साधारण 454 ग्रॅम, त्यामुळे किलोचा हिशेब डोक्यात करताना दुप्पट आणि वर थोडं धरायचं. डब्यात भरून वजनावर घ्यायचं काही असेल, सुका मेवा किंवा सॅलड, तर डब्याचं वजन वजा झालंय का तेही विचारा. बऱ्याच बिलांवर ते "टेअर" म्हणून छापलेलं असतं.

मेंबरशिपचा दर. बहुतेक सुपरमार्केटांत ते कार्ड फुकट असतं आणि मोबाईल नंबरवर चालतं. मुलाचा किंवा सुनेचा नंबर आधीच नोंदवलेला असतो. काउंटरवर तो नंबर दाबला की सेलचा दर लागतो, नाही दाबला की पूर्ण दर. हल्ली "डिजिटल कूपन" म्हणून आणखी एक प्रकार आहे. त्यात नंबर दाबूनही भागत नाही, आधी ॲपमध्ये जाऊन ते कूपन टिचकी मारून घ्यावं लागतं. वयस्कर माणसांवर हा सरळ सरळ अन्याय आहे असं माझं मत आहे. पण हे बदलेपर्यंत उपाय एवढाच, की चिठ्ठीवर "डिजिटल" शब्द दिसला तर ती वस्तू मुलांना ॲप बघून घ्यायला सांगायची.

आता उलट बाजू. काही ओळी बघून वाटतं जास्त लावलेत, पण ते बरोबर असतात. तिथे वाद घालू नका.

पहिली गोष्ट टॅक्स. चिठ्ठीवरच्या किमतीत सेल्स टॅक्स धरलेला नसतो, तो बिलाच्या तळाशी वेगळा लागतो. न्यू जर्सीत 6.625 टक्के, न्यूयॉर्क शहरात 8.875, शिकागोत दहाच्या वर, आणि ऑरेगनमध्ये शून्य. पण तो कशाला लागावा आणि कशाला नाही याचे नियम आहेत, आणि तिथेही चूक सापडते. न्यू जर्सीत दूध, ब्रेड, भाजी यांवर टॅक्स नाही, रोजच्या कपड्यांवरही नाही. न्यूयॉर्क शहरात 110 डॉलरपेक्षा कमी किमतीच्या कपड्यावर नाही. परत जाताना सगळ्यांसाठी टी-शर्ट घेतो आपण, तेव्हा हे ध्यानात ठेवा. एक गंमत सांगते. न्यू जर्सीत चॉकलेटला टॅक्स आहे, पण त्यात पीठ असेल तर कायद्याच्या व्याख्येत ते "कँडी" राहत नाही. त्यामुळे साध्या चॉकलेटच्या वडीवर टॅक्स लागतो आणि शेजारच्या किटकॅटवर लागत नाही, कारण तिच्यात पिठाचं वेफर आहे. टॅक्स लागलेल्या ओळीसमोर बहुतेक दुकानं एखादं अक्षर छापतात, कुठे टी, कुठे आणखी काही. दोन बिलं शेजारी ठेवलीत की तुमच्या दुकानाचं अक्षर तुम्हाला ओळखता येईल.

दुसरं, बाटलीची अनामत. न्यूयॉर्कमध्ये शीतपेयाच्या बाटलीमागे 5 सेंट, मिशिगनमध्ये 10. रिकामी बाटली परत दिली की ते पैसे मिळतात. न्यू जर्सीत ही पद्धतच नाही.

बरं, चूक सापडली. आता?

इथेच आपली माणसं अडतात. "चार डॉलरसाठी कुठे बोलायचं, मुलाला कसं वाटेल, ते काय म्हणतील." मला हे ऐकून वाईट वाटतं. पुण्यात हेच बाबा सुट्टे पैसे कमी आले तर दुकानदाराला थांबवतात. इथे बोलणं म्हणजे भांडण नव्हे. मोठ्या दुकानात "कस्टमर सर्व्हिस" नावाचं वेगळं काउंटर असतं. चुकीचं बिल दुरुस्त करणं हे त्या माणसाचं रोजचं काम आहे. काउंटरच्या रांगेत अडकून राहू नका, पैसे भरा, थेट तिकडे जा, बिल आणि फोटो दाखवा आणि एकच वाक्य म्हणा:

[स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत: "धिस रँग अप हायर दॅन द शेल्फ टॅग."]

म्हणजे, शेल्फवरच्या चिठ्ठीपेक्षा ही किंमत जास्त लागलीय. एवढंच. पुढचं तो माणूस बघतो.

काही राज्यांत तर फरकाच्या वर भरपाई आहे. मिशिगनमध्ये शेल्फवर लावलेल्या किमतीपेक्षा स्कॅनरनं जास्त घेतलं, तर फरक परत आणि वर फरकाच्या दहापट, कमीत कमी 1 डॉलर, जास्तीत जास्त 5. म्हणजे 4 डॉलरची वस्तू 4.30 ला लागली, तर 30 सेंट आणि वर 3 डॉलर. त्यासाठी 30 दिवसांच्या आत दुकानाला बिल दाखवून सांगावं लागतं. मॅसॅच्युसेट्समध्ये किराणा मालाची 10 डॉलरपर्यंतची वस्तू चुकीच्या किमतीला लागली, तर त्यातली एक फुकट मिळते, आणि वस्तू महाग असेल तर 10 डॉलर कमी होतात. हे दुकान आपणहून देईलच असं नाही, मागावं लागतं. आणि दुकानानं ऐकलंच नाही, तर राज्याचं किंवा काउंटीचं, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाचं, "वेट्स अँड मेजर्स" खातं आहे, म्हणजे आपल्या वैधमापन खात्यासारखं. तक्रार तिथे करता येते.

पैसे कसे भरलेत यावरही थोडं. भारतातलं क्रेडिट कार्ड वापरलं असेल, तर बँक वरून मार्कअप, म्हणजे जादा शुल्क लावते, बऱ्याच कार्डांवर साडेतीन टक्क्यांपर्यंत, आणि त्या शुल्कावर जीएसटी. मशीननं रुपये की डॉलर असं विचारलं तर डॉलर निवडा. रुपये निवडलेत तर रुपांतराचा दर मशीनवाले ठरवतात आणि तो बहुतेक वेळा महाग पडतो. रुपये निवडले असतील तर ती रक्कमही बिलावर छापलेली असते, तीही वाचा. चुकीचे पैसे कार्डावर परत आले तर यायला काही दिवस लागतात, म्हणून बिल तोवर जपून ठेवा. हा कागद उष्णतेवर छापलेला असतो, गाडीत राहिला की अक्षरं उडतात. घरी आल्या आल्या त्याचा फोटो काढून ठेवा.

आणि ज्यांचे आई-बाबा पुढच्या महिन्यात येणार आहेत त्यांच्यासाठी. जवळच्या दुकानाचा मेंबरशिपचा मोबाईल नंबर आणि ते वर सांगितलेलं वाक्य मराठी अक्षरांत एका कागदावर लिहून त्यांच्या पाकिटात ठेवा. पहिल्यांदा दुकानात जाल तेव्हा कस्टमर सर्व्हिसचं काउंटर त्यांना बोट करून दाखवा, आणि एकदा तिथे त्यांनाच बोलू द्या. तुम्ही बाजूला उभे राहा, मध्ये पडू नका.