मोन बेटावरची साखळी

१९४२ साल. महायुद्ध ऐन भरात आलेलं. वेल्सच्या वायव्य टोकाला अँगल्सी बेटावर विमानतळाचं काम चालू होतं. वाळूवर पसरण्यासाठी लिन केरिग बाख या तळ्याकाठच्या दलदलीतून काळी माती उपसली जात होती. त्या मातीत एक लोखंडी साखळी सापडली. मजबूत दिसली, म्हणून चिखलात रुतलेल्या लॉऱ्या ओढायला जुंपली.

साखळी होती सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची! तिच्यातली पाच कडी पाच माणसांच्या मानेभोवती अडकवायची होती. कैदी असतील, गुलाम असतील.

मग त्याच चिखलातून तलवारी, भाले, रथांचे भाग, कढई अशा दीडशेहून अधिक वस्तू निघाल्या. कित्येक मुद्दाम वाकवलेल्या. हरवलेल्या नव्हेत, तळ्याला अर्पण केलेल्या.

वेल्श लोक या बेटाला ‘मोन’ म्हणतात, रोमन ‘मोना’ म्हणायचे. इसवी सन ६० च्या सुमारास रोमन सेनापती सुएटोनियस पॉलिनस वेल्स आणि बेट यांमधली मेनाईची सामुद्रधुनी ओलांडून इथे उतरला. पायदळ सपाट बुडाच्या होड्यांतून, घोडेस्वार उथळ पाण्यातून. समोरच्या किनाऱ्यावर हात उंचावून शाप देणारे ड्रुइड, म्हणजे स्थानिक केल्ट लोकांचे पुजारी, आणि मशाली घेतलेल्या, काळ्या वस्त्रांतल्या बायका. रोमनांनी कत्तल केली, देवराया तोडल्या. तेवढ्यात मागे ब्रिटनमधल्या एका टोळीच्या बूडिका राणीचं रोमनांविरुद्ध बंड पेटलं आणि त्यांना परतावं लागलं. बेट कायमचं जिंकलं पुढे रोमन सेनापती अ‍ॅग्रिकोलाने.

हे सगळं सांगतो रोमन इतिहासकार टॅसिटस. इथल्या वेदींवर कैद्यांचं रक्त सांडायचं, असंही तोच लिहितो. स्वारीच्या वेळी तो लहान मूल होता, आणि अ‍ॅग्रिकोला त्याचा सासरा. ड्रुइडांची बाजू लिहून ठेवणारं कोणी नव्हतं, तेव्हा सासरेबुवांच्या जावयाचं बोलणं जरा जपूनच ऐकावं.

आता याच बेटावर समोर दिसतोय तो हिरवा उंचवटा. ब्रिन केली धू, म्हणजे काळ्या राईतला ढिगारा. ड्रुइडांशी याचं नातं जोडण्याचा मोह अनेकांना होतो. पण रोमन आले तेव्हाच ही दगडी समाधी तीन हजार वर्षांची झाली होती. १९२८-२९ मध्ये उत्खनन झालं, तेव्हा वळणावळणांच्या रेघा कोरलेला एक दगड मिळाला. तो आज कार्डिफच्या संग्रहालयात आहे, इथे उभी आहे ती प्रतिकृती.

वाकून आत शिरायचं. अरुंद वाट, पुढे दालन. जूनमधल्या सर्वांत मोठ्या दिवशी, आभाळ निरभ्र असेल तर, उगवतीचं ऊन या वाटेने थेट मागच्या दगडापर्यंत पोहोचतं.