चालान म्हणजे दंडाची पावती नव्हे

नमस्कार मंडळी. रामबागेतल्या एका काकूंचा मुलगा जेलमध्ये होता. गंभीर गुन्हा, जामीन नामंजूर. जिल्हा कोर्टाच्या आवारात वकिलांचे मुंशी त्यांना म्हणाले, "अगले हफ्ते चालान पेश होगा." काकूंनी पर्स उघडली आणि विचारलं, "किती भरायचे?" सिग्नल तोडल्यावर घरी येतं, तेच चालान त्यांना ठाऊक होतं.

आपल्या इंदूरच्या कोर्टात चालान म्हणजे मराठी पेपरातलं आरोपपत्र. तपास संपवून पोलीस कोर्टात देतात ती जाडजूड फाईल. ती यायच्या आधीचे दिवस घरच्यांनी मोजायलाच हवेत.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिची धारा १८७ बघा. फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं आणि त्याहून जास्त शिक्षेचा गुन्हा असेल, तर पोलिसांना ९० दिवस; बाकी गुन्ह्यांत ६०. अमली पदार्थांसारख्या खास कायद्यांत मुदत आणखी लांबते. तेवढ्यात चालान आलं नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. मोजणी अटकेपासून नाही, मॅजिस्ट्रेटनी पहिली रिमांड (म्हणजे कोठडी) दिली त्या दिवसापासून, तो दिवस धरून. पण अर्ज आपल्याला करावा लागतो. अर्जाआधी चालान दाखल झालं, की हा हक्क गेला. म्हणून पहिल्या रिमांडच्या तारखेला भिंतीवरच्या कॅलेंडरवर आजच गोल करा आणि वकिलांना दर पेशीला विचारा, कितवा दिवस?

काकूंना हे कोणी सांगितलंच नव्हतं. मला त्याचंच वाईट वाटतं.

आरोप म्हणजे शिक्षा नाही, हे खरं. पण झळ आरोपापासूनच लागते. कोर्टात केस चालू असेल तर पासपोर्ट अडू शकतो. मग कोर्टाची परवानगी आणावी लागते. सरकारी नोकर ४८ तासांहून जास्त कोठडीत राहिला, तर निलंबित धरला जातो.

आणि नोकरीचा फॉर्म. त्यात 'कोई आपराधिक प्रकरण लंबित है?' हा रकाना असतो. घरचे म्हणतात, "खोटीच तर केस आहे, कशाला लिहायचं?" लिहा. माहिती लपवली म्हणून लागलेली नोकरी जाऊ शकते, हे सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये अवतार सिंह प्रकरणात स्पष्ट केलंय. जुन्या केसबद्दल विचारलं असेल, तर निर्दोष सुटला असलात तरी लिहा, आणि निकालाची नकल सोबत जोडा.