आळीतल्या क्रुसाजवळचा मे महिना

नमस्कार मंडळी.

युरोपात मे म्हणजे वसंत. तो मरियामातेला वाहायची रीत तिथूनच आली. आमच्या वसईत मात्र मे म्हणजे वैशाखाचा वणवा. बावखलांचं, म्हणजे आमच्या गावतळ्यांचं, पाणी तळाला गेलेलं, केळीची पानं करपलेली. फुलतो तो मोगरा. एरवी पहाटेच्या गाडीने दादरच्या बाजारात जाणाऱ्या कळ्यांतली ओंजळभर आजी बाजूला काढायची. "ह्या मायच्या," म्हणायची.

सुट्टीत मुंबईहून आलेली आम्ही पोरं दुपारी आळीतला क्रूस धुवायचो. संध्याकाळी चटया पडायच्या, मेणबत्त्या लागायच्या आणि जपमाळ सुरू व्हायची. फादर क्वचितच असत, प्रार्थना आळीच चालवायची. लाल लुगड्यातली माझी आजी लदीन सांगायची. तुमच्याकडे नामावली म्हणतात, तशीच ही मरियेची नामावली: प्रभाततारा, सोन्याचं घर, रोग्यांचं आरोग्य. प्रत्येक नावामागे आम्ही सगळे म्हणायचो, "आम्हांसाठी विनंती कर." आजीला अक्षरओळख नव्हती, पण एक नाव कधी चुकलं नाही. रोममधल्या मोठ्या धर्मसभेनंतर, म्हणजे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, उपासना मराठीत आली, तरी तिच्या बरोबरीच्या बायका मधूनच जुनं लॅटिन 'ओरा प्रो नोबिस' म्हणून जायच्या. कुणी त्यांना टोकलं नाही. शेवटी पानावर उकडलेले चणे मिळायचे. त्या चण्यांची चव मला अजून आठवते.

पुष्कळांना वाटतं, हे सगळं पोर्तुगीजांनी लादलं. क्रूस आणि लदीन त्यांच्या काळात आले, हे खरं. रमेदी या गावाचं नावच 'रेमेदियुस', म्हणजे औषधोपचारांच्या मातेवरून पडलं. पण चिमाजी आप्पांनी वसई घेतली १७३९ च्या मे महिन्यात, आणि मे महिन्याची ही भक्ती इटलीत रुजली ती त्या शतकाच्या उत्तरार्धात. म्हणजे पोर्तुगीज गेले, त्यांच्याबरोबर युरोपीय पाद्रीही गेले, आणि त्यानंतर केव्हातरी आमच्या वाडवडिलांनी हा महिना आपणहून आपलासा केला. मला याचा फार अभिमान आहे. ३ मे रोजी येशूचा क्रूस सापडल्याचा सण असे. १९६० साली तो रोमच्या पंचांगातून गेला, पण क्रूस सजवायची आमची सवय काही गेली नाही.

वसईच्या चर्चमधल्या घंटा मराठे घेऊन गेले आणि त्या देवळांत लागल्या. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर अशी एक घंटा आहे, तिच्यावर बाळ येशूला कडेवर घेतलेली मरिया आहे. मी मुलांना मुद्दाम तिथे नेलं. एक आजोबा घंटेला हात लावून नमस्कार करत होते. मीही केला.

महिन्याची सांगता ३१ मे रोजी, मरिया डोंगराळ वाट तुडवत आपल्या नात्यातल्या अलीशिबेला भेटायला गेली त्या सणाने. दुसऱ्या दिवसापासून मासेमारी बंद, म्हणून कोळीवाड्यांत तोवर होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. वर्षभर माणसं सुखरूप परतली, याचे आभार त्याच संध्याकाळी मानले जातात.

आता आपल्याविषयी. २०२० च्या जूनमध्ये पोप फ्रान्सिस यांनी लदीनमध्ये तीन नावं नव्याने घातली. त्यांतलं एक आहे 'स्थलांतरितांचा दिलासा'. आजीला हे नाव ठाऊक नव्हतं. मी ते पहिल्यांदा इथे, परक्या शहरात, स्वयंपाकघरात एकटीने म्हटलं, तेव्हा पुढचं नाव उच्चारायला बराच वेळ लागला.

या ३१ तारखेला संध्याकाळी आमच्या घरी मराठीतून लदीन आहे. सगळ्यांनी या, कॅथलिक असा वा नसा. मोगरा इथे मिळत नाही, तुमच्या अंगणात जे फुललं असेल ते आणा. चणे मी भिजत घालते.